बंदुकीमागचे सरकार

चीनच्या क्रांतीविषयी फारसे न वाचलेल्या मराठी माणसालाही दोन वाक्ये ऐकून माहीत असतात. राजकीय सत्ता बंदुकीच्या नळीतून जन्माला येते, हे एक. दुसरे थोडे लांब: शत्रू पुढे आला की आपण मागे हटायचे, त्याने तळ ठोकला की त्याला सतावायचे, तो थकला की तुटून पडायचे, तो माघारी वळला की पाठलाग करायचा. मूळ चिनीत हे सूत्र अवघ्या १६ अक्षरांचे आहे. आपल्याकडे ते उच्चारले की कुणीतरी हमखास शिवाजी महाराजांचा गनिमी कावा काढतो, आणि मग चर्चा डोंगर, घाट आणि छाप्यांत हरवते. दोन्ही वाक्ये माओ त्सेतुंगच्या नावावर आहेत आणि दोन्ही आपल्यापर्यंत अर्धीच पोचली आहेत. १९३८ मध्ये येनानच्या, म्हणजे उत्तरेतल्या तेव्हाच्या कम्युनिस्ट राजधानीतल्या, भाषणात बंदुकीचे वाक्य उच्चारल्यावर माओ लगेच पुढे म्हणाला होता की पक्षाने बंदुकीवर हुकूम चालवायचा, बंदुकीला पक्षावर कधीही चालवू द्यायचा नाही. सोळा अक्षरांचे सूत्र एप्रिल १९२९ मध्ये रणआघाडीवरच्या पक्षसमितीने शांघायमधल्या पक्षनेतृत्वाला पाठवलेल्या पत्रात आहे, आणि तिथे त्याच्या आधी आणखी एक ओळ येते: फौज पांगवायची ती लोकांना उठवण्यासाठी, एकवटायची ती शत्रूला तोंड देण्यासाठी. ती ओळ आपण वाचतच नाही. फौजेने बहुतेक दिवस पांगलेलेच राहायचे होते, आणि पांगून जे काम करायचे ते लढाईचे नव्हते.

ते काम कोणते, यावरच या क्रांतीचा सगळा अर्थ ठरतो असे मला वाटते. १९२७ ते १९३४ या काळात चिनी कम्युनिस्टांनी दक्षिणेच्या डोंगरांत जे उभे केले ते सरकार होते. फाटके, भुकेले, कधी एका तालुक्याएवढे तर कधी वीस तालुक्यांचे, पण सरकार. ते धान्याची वसुली करी, जमिनीची मोजणी आणि वाटणी करी, लग्ने आणि काडीमोड नोंदवी, शाळा काढी, आणि आपल्याच माणसांना पकडून गोळ्याही घाली. गनिमी युद्ध हे त्या सरकारचे कुंपण होते. कुंपणाचे तंत्र शिकून शेत पिकत नाही, एवढी साधी गोष्ट नंतरच्या अनेक देशांतल्या क्रांतिकारकांच्या ध्यानात आली नाही, आणि त्याची किंमत आपल्याच देशात, आपल्याच गडचिरोलीत, चार दशकांहून अधिक काळ मोजली गेली.

मुळात हा पक्ष शहरातला. जुलै १९२१ मध्ये शांघायच्या फ्रेंच वसाहतीत डझनभर प्रतिनिधी जमले तेव्हा देशभरात मिळून सभासद पन्नासच्या आसपास होते. पोलिसांची चाहूल लागल्यावर शेवटची बैठक च्याशिंगच्या तलावात नावेत बसून उरकावी लागली. पुढची काही वर्षे मॉस्कोच्या सल्ल्याने पक्ष क्वोमिन्तांगच्या, म्हणजे चिनी राष्ट्रवादी पक्षाच्या, सावलीत वाढला आणि एप्रिल १९२७ पर्यंत सभासदसंख्या ५७ हजारांच्या पुढे गेली. त्याच महिन्याच्या १२ तारखेला क्वोमिन्तांगचा सेनापती च्यांग कै-शेक याने शांघायमधल्या कामगार संघटनांवर सैन्य आणि गुंडटोळ्या सोडल्या. वर्षअखेरीस जेमतेम दहा हजार सभासद उरले. मग उठावांमागून उठाव झाले: १ ऑगस्टला नानचांग, सप्टेंबरात हुनानमधला सुगीचा उठाव, डिसेंबरात कँटन. तिन्ही फसले. कँटनचा तर तीन दिवसांत चिरडला गेला. शहर जिंकून सत्ता घ्यायची हे रशियन गणित चीनमध्ये सुटत नव्हते, हे त्या वर्षाने रक्ताने लिहून दिले. मॉस्कोला ते कळायला आणखी काही वर्षे लागली.

पण गावाचे गणित माओच्या आधी दुसऱ्याच एका माणसाने मांडले होते आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. फंग पाय हा ग्वांगतुंग प्रांतातल्या हायफंगच्या बड्या जमीनदाराचा मुलगा, जपानात शिकून आलेला. १९२२ मध्ये तो पांढराशुभ्र विलायती पोशाख घालून खेड्यात गेला, तेव्हा शेतकऱ्यांना वाटले की हा कर वसूल करायला आलाय. त्याने स्वतःच हे लिहून ठेवले आहे. नंतर त्याने कपडे बदलले, बोली सुधारली, घरच्यांशी भांडून आपल्या वाट्याच्या जमिनीचे कागद जाळले. त्याच्या शेतकरी संघाने पहिल्या काळात काय केले ते पाहण्यासारखे आहे. सभासदांसाठी दवाखाना काढला. घरात कुणी गेले तर वर्गणीतून अंत्यविधीचा खर्च उचलणारी मंडळी उभी केली. भांडणे कोर्टात न जाता संघातच मिटवली. शाळा काढली, आणि तिथे हिशेब लिहायला शिकवले, जेणेकरून खंडाच्या वहीत जमीनदाराला शेतकऱ्याची फसवणूक करता येऊ नये. या सगळ्यात एकही बंदूक नव्हती. नोव्हेंबर १९२७ मध्ये तिथे सोव्हिएत, म्हणजे रशियन धर्तीचे लोकसमित्यांचे सरकार, जाहीर झाले ते या पाच वर्षांच्या पायावर.

ते चार महिन्यांत पडले. हायफंग-लुफंगचा भाग किनाऱ्यालगतचा, मागे आडोसा नाही, शिवाय त्या चार महिन्यांत जमीनदार आणि त्यांच्या माणसांची जी कत्तल झाली तिने कुंपणावर बसलेले सगळे पलीकडे गेले. फंग पाय ऑगस्ट १९२९ मध्ये शांघायला पकडला जाऊन मारला गेला. नुसते लोक पाठीशी असून भागत नाही, हे हायफंगने दाखवले. लोक नसताना नुसता डोंगर असून काय होते, हे पुढे दिसणार होते.

सुगीच्या उठावात पांगलेली माणसे घेऊन माओ ऑक्टोबर १९२७ मध्ये हुनान आणि च्यांगशीच्या सीमेवरच्या चिंगकांगशान डोंगरात शिरला. हजारभर माणसेसुद्धा धड नव्हती. वाटेत सानवान गावी त्याने फौजेची जी फेररचना केली ती मला कुठल्याही छाप्यापेक्षा मोलाची वाटते: प्रत्येक कंपनीत पक्षाची शाखा, अधिकाऱ्याने शिपायाला मारायचे नाही, आणि जेवणाखाणाच्या खर्चावर शिपायांच्या समितीची नजर. त्या काळच्या चीनमध्ये शिपाई म्हणजे भाड्याने घेतलेला, मार खाणारा आणि गाव लुटून पोट भरणारा माणूस. त्याला हिशेब विचारण्याचा हक्क देणे ही तिथे फार मोठी उलथापालथ होती.

डोंगर मात्र रिकामा नव्हता. युआन वनचाय आणि वांग त्सुओ हे दोन टोळीप्रमुख तिथे आधीपासून होते, प्रत्येकाकडे साठेक बंदुका. माओने त्यांच्याशी दोस्ती केली, बंदुका भेट दिल्या, जागा मागून घेतली. सोळा अक्षरांच्या सूत्राचे बीजही तिथलेच: त्या डोंगरात पूर्वी होऊन गेलेला एक बहिरा दरोडेखोर म्हणे, लढता आले नाही तरी चालेल, फिरत राहता आले पाहिजे. माओने त्यात भर घातली की फिरायचेही आणि लढायचेही. दरोडेखोराचे तंत्र आणि क्रांतिकारकाचे तंत्र यांत फरक किती बारीक होता ते यावरून कळते. फरक पडायचा तो रात्री शिपाई गावात झोपला आणि सकाळी उठला तेव्हा. झोपायला काढून घेतलेली घराची फळी पुन्हा दाराला लावायची, अंथरलेला पेंढा बांधून ठेवायचा, शेतातले रताळेसुद्धा न विचारता घ्यायचे नाही, असे नियम फौजेला घालून दिले गेले. ज्यांच्या घराची दारे आजवरच्या प्रत्येक फौजेने सरपणाला नेली होती, त्यांना ही शिस्त लगेच डोळ्यांत भरली.

तरी चिंगकांगशानवरचे ते पहिले सरकार फारसे चांगले चालले नाही, हेही सांगायला हवे. नोव्हेंबर १९२८ च्या अहवालात माओने लिहिले आहे की शिपायाला धान्याखेरीज तेल, मीठ, सरपण आणि भाजीसाठी दिवसाला पाच सेंट मिळतात आणि तेवढेही भागवणे अवघड झाले आहे. नाकेबंदीमुळे मीठ आणि कापड मिळेना. डिसेंबर १९२८ च्या जमीन कायद्याने सगळी म्हणजे सगळीच जमीन जप्त करायचे ठरवले, शेतकऱ्याची स्वतःचीसुद्धा. त्याने मधला शेतकरी घाबरला. चारच महिन्यांनी, एप्रिल १९२९ मध्ये, शिंगक्वोच्या कायद्यात हे बदलून फक्त सार्वजनिक आणि जमीनदारांची जमीन घ्यायचे ठरले. चुकायचे, शेतकऱ्याचे तोंड पाहायचे, कायदा बदलायचा. त्या वर्षांतल्या लढायांच्या याद्यांपेक्षा या दुरुस्त्या जास्त काही सांगतात.

ऑक्टोबर १९२८ मध्ये माओने स्वतःलाच विचारलेला प्रश्न होता: चारी बाजूंनी शत्रूचे राज्य असताना मध्ये एक छोटे लाल राज्य टिकूच कसे शकते? त्याचे उत्तर धैर्य, त्याग किंवा डावपेच असे नव्हते. त्याने दिलेले पहिले कारण असे की शत्रू आपसांत लढतो आहे. चीनमध्ये एकच मध्यवर्ती सत्ता नव्हती. लष्करी सरदारांचे तुकडे होते, त्यांच्या मागे वेगवेगळ्या परकी सत्तांचे हितसंबंध होते, आणि अर्थव्यवस्था इतकी स्थानिक होती की एखादा डोंगरी भाग बाजारपेठेपासून तुटूनही काही काळ जगू शकत होता. चिंगकांगशान दोन प्रांतांच्या सीमेवर होता म्हणूनच उपयोगाचा होता. एका प्रांताची फौज हद्द ओलांडायला नाखूश असे. सरदारांची भांडणे थांबली की आपली अवस्था बिकट होते, हेही माओने लपवले नाही. मध्यवर्ती राज्य एकसंध असलेल्या देशात या मार्गाने जाऊ नये, असा याचा सरळ अर्थ होतो. ज्यांनी माओला गुरू मानले त्यांनी त्याचे नेमके हेच पान उलटून टाकले.

मे १९३० मध्ये माओने च्यांगशीच्या दक्षिण टोकाला शुनवू तालुक्यात बसून एक पाहणी केली. युद्ध चालू असताना हा माणूस व्यापारी मंडळाच्या माजी अध्यक्षाला समोर बसवून विचारतो आहे की चाओचौचे मीठ आणि हुईचौचे मीठ यांत फरक काय. पहिले चांगले पण महाग, दुसरे हलके पण स्वस्त. कुठल्या दुकानात कोणता माल येतो, कोण कर्जात आहे, न्हाव्याचे, सुताराचे, छत्र्या बनवणाऱ्याचे कसे चालले आहे, गावात किती वेश्या आहेत आणि त्या कुठल्या भागातून आल्या आहेत, हे सगळे त्यात आहे. जमिनीचा हिशेब असा निघाला की ४० टक्के सार्वजनिक म्हणजे घराण्यांच्या, देवळांच्या आणि शाळांच्या न्यासांची, ३० टक्के जमीनदारांची आणि ३० टक्के शेतकऱ्यांची. म्हणजे ज्याच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या तो फेट्याबिट्यातला खलनायक जमीनदार इथे मोठा मालक नव्हताच. पूर्वजांच्या पूजेसाठी राखलेली जमीन होती आणि तिच्यावर कारभाऱ्यांचा ताबा होता. असली माहिती सिद्धांतातून मिळत नाही. पाहणी केली नसेल तर बोलायचा हक्क नाही, हे माओचे वाक्य त्याच महिन्यांतले. पुढे १९५८ मध्ये सत्तेच्या शिखरावरून त्याने पिकांचे फुगवलेले आकडे खरे मानले आणि कोट्यवधी माणसे उपाशी मेली, हे आठवले की शुनवूची पाहणी वाचताना गळ्यात काहीतरी अडकते.

तो अंधार डोंगरातही होता. पुष्कळजण क्रांतीचा हा सुरुवातीचा काळ निर्मळ आणि नंतरचा बिघडलेला अशी विभागणी करतात. मला ती पटत नाही. ज्या दोन टोळीप्रमुखांनी जागा दिली त्या युआन आणि वांगला फेब्रुवारी १९३० मध्ये कम्युनिस्टांनीच मारले. माओ तेव्हा तिथे नव्हता. मॉस्कोत झालेल्या पक्षाच्या अधिवेशनाचा टोळीप्रमुखांबद्दलचा ठराव आणि मूळचे रहिवासी विरुद्ध उपरे हाक्का हा जुना स्थानिक तंटा, दोन्ही त्यामागे होते. त्यांची माणसे शत्रूला जाऊन मिळाली आणि चिंगकांगशान पुन्हा हाती आला तो थेट १९४९ मध्ये. डिसेंबर १९३० मध्ये फूथ्येन गावी काय झाले ते याहून भयंकर होते. क्वोमिन्तांगमधल्या ‘ए-बी गट’ नावाच्या, तोवर जवळपास संपलेल्या कम्युनिस्टविरोधी मंडळीचे हेर पक्षात घुसले आहेत असा संशय घेऊन माओच्या माणसांनी च्यांगशीच्या स्थानिक नेत्यांना पकडले, छळ करून कबुलीजबाब घेतले, त्या जबाबांत आलेल्या नावांना पुन्हा पकडले. चिडून विसाव्या लाल तुकडीतल्या एका बटालियनने बंड केले आणि कैदी सोडवले. १९३१ मध्ये ती तुकडीच निःशस्त्र करून विसर्जित केली गेली आणि तिच्या बहुतेक अधिकाऱ्यांना ठार मारले गेले. अशा मोहिमांत हजारो कम्युनिस्ट कम्युनिस्टांच्या हातून मेले. स्थानिक नेत्यांचा खरा गुन्हा म्हणजे जमीनवाटप आणि लढाईची पद्धत यांबाबत बाहेरून आलेल्या माओशी त्यांचे पटत नव्हते. लहान राज्यात, वेढ्यात, भुकेत, विरोधी मत आणि हेरगिरी यांतला फरक पुसायला एक रात्र पुरते. सरकार उभे राहिले की तुरुंगही उभा राहतो, आणि या सरकारात त्याला आवरणारे कुणी नव्हते.

नोव्हेंबर १९३१ मध्ये रुईचिनला चिनी सोव्हिएत प्रजासत्ताक जाहीर झाले. च्यांग कै-शेकने त्याच्यावर एकामागून एक वेढ्याच्या मोहिमा काढल्या. पहिल्या तिन्ही माओ आणि सेनापती चू ते यांनी शत्रूला आत ओढून फोडल्या; तिसरी चालू असतानाच सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला. चौथीही १९३३ मध्ये मोडली. या लढायांची वर्णने मनोरंजक आहेत, ती कुठेही मिळतील. मला पाचवी महत्त्वाची वाटते, कारण ती जिंकणाऱ्याला खेळ कळला होता. च्यांगने सूत्र काढले: तीन हिस्से लष्कर, सात हिस्से राजकारण. जर्मन सल्लागारांच्या मदतीने त्याने हजारो दगडी बुरूज बांधले, ते जोडणारे रस्ते केले, दहा-दहा घरांना एकमेकांसाठी जबाबदार धरणारी जुनी पाओच्या पद्धत परत आणली, आणि मिठाची कोंडी केली. फौज रोज थोडेच अंतर पुढे सरके, बुरूज बांधी, थांबे. पांगणे, एकवटणे, आत ओढणे यांपैकी काहीच चालेना.

चीनचा अधिकृत इतिहास या पराभवाचे खापर मॉस्कोकडून आलेल्या जर्मन सल्लागार ओट्टो ब्राउनवर आणि तेव्हाचा पक्षप्रमुख पो कू याच्यावर फोडतो. इंच इंच जमीन लढवण्याचा त्यांचा हट्ट खरा होता आणि एप्रिल १९३४ मध्ये ग्वांगचांगला त्याने प्रचंड माणसे मारली हेही खरे. पण माओ असता तर जिंकला असता, यावर माझा विश्वास बसत नाही. जानेवारी १९३४ मध्ये माओनेच रुईचिनच्या अधिवेशनात अभिमानाने सांगितले होते की छांगकांगसारख्या आदर्श खेड्यात शंभरातले ८० तरुण फौजेत गेले आहेत. त्याच भाषणात तो म्हणतो की लोकांच्या सरपण, तांदूळ, तेल, मिठाची, बायकांच्या बाळंतपणाची काळजी घ्या, मग लोक हीच आपली पोलादी तटबंदी होईल. सल्ला उत्तम आहे. पण ज्या गावातून ८० टक्के तरुण गेले तिथे नांगर कोणी धरायचा? पाया इतका पिळून निघाला होता की त्याच्यावर कुठलाही डावपेच उभा राहणे कठीण होते. ऑक्टोबर १९३४ मध्ये ८६ हजार माणसे तिथून निघाली. शियांग नदी ओलांडेपर्यंत तीस हजारांच्या आसपास उरली, आणि वर्षभराने उत्तर शेन्सीत पोचली ती आठ हजारांपेक्षा कमी. याला लाँग मार्च म्हणतात. त्यातल्या शौर्याबद्दल शंका नाही, पण ती एक माघार होती आणि ती संपली तिथे संपायचे कारणही शौर्याचे नव्हते: शेन्सीत लिऊ चितान आणि शी चुंगशुन यांनी आधीच एक तळ, म्हणजे एक छोटे सरकार, उभे करून ठेवले होते. लाल फौज पोचली तेव्हा पक्षाच्या आणखी एका शुद्धीकरणात हे दोघे तुरुंगात होते. यांतल्या शी चुंगशुनचा मुलगा आज चीनचा राष्ट्राध्यक्ष आहे.

मागे दक्षिणेत राहिलेल्यांची कथा माझ्या मुद्द्याला जास्त उपयोगाची आहे. छन यी आणि शियांग यिंग यांच्यासारखे नेते काही हजार माणसांसह डोंगरांत तीन वर्षे लपून लढले. कंदमुळे खाऊन, पावसात झोपून, रोज जागा बदलून. शुद्ध गनिमी युद्ध म्हणतात ते हेच, कारण पाठीशी आता सरकार नव्हते, वाटायला जमीन नव्हती, वसूल करायला धान्य नव्हते. डावपेच तेच, माणसे तीच, काहींचा अनुभव तर येनानला गेलेल्यांपेक्षा जास्त. तीन वर्षांत त्यांनी एकच गोष्ट साधली, जिवंत राहण्याची. १९३७ नंतर या सगळ्यांची मिळून नवी चौथी फौज झाली तेव्हा ती जेमतेम दहा हजारांची होती.

मग जपान आला. १९३७ मध्ये आठव्या मार्ग सेनेत, म्हणजे उत्तरेतल्या लाल फौजेत, ४५ हजारांच्या आसपास सैनिक होते. १९४५ मध्ये पक्षाच्या दाव्यानुसार ९ लाख १० हजार खडे सैन्य, २२ लाख गावरक्षक आणि साडेनऊ कोटी लोकांवर कारभार. आठ वर्षांत हे कसे झाले यावर अभ्यासकांचे जुने भांडण आहे: शेतकऱ्याला देशप्रेमाने उठवले की खंडकपातीने? मला वाटते दोघेही एक मधली गोष्ट हलकी धरतात. जपानी फौजेने उत्तर चीनमधला क्वोमिन्तांगचा कारभार उखडून टाकला, आणि स्वतः मात्र शहरे व रेल्वेमार्ग यांपलीकडे राज्य बसवले नाही. मध्ये लाखो गावे सरकाराविना राहिली. तिथे कम्युनिस्ट शिरले, कारण सरकार चालवणे हे एकच काम त्यांना दहा वर्षे मार खात शिकायला मिळाले होते. जमीन जप्त करण्याऐवजी त्यांनी खंड एक चतुर्थांशाने कमी केला, व्याज उतरवले, गावसमित्यांत एक तृतीयांश जागा स्वतःकडे ठेवून बाकी इतरांना दिल्या. १९६४ मध्ये जपानच्या समाजवादी पक्षाचे नेते माओकडे युद्धाबद्दल दिलगिरी बोलू लागले, तेव्हा तो म्हणाला की तुमची फौज आली नसती तर आम्ही सत्तेवर आलोच नसतो. विनोद असेल, पण खोटा नव्हता.

याच काळातली उत्तर चीनची गावे भारतातून निघालेल्या, दोन मराठी डॉक्टर असलेल्या पथकाने पाहिली. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे मोरेश्वर चोळकर होते. कोटणीस शत्रूच्या पिछाडीला असलेल्या शान्सी-छाहार-होपेई तळावर गेले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्याविषयी आपण फार बोलतो ते मैत्री आणि त्यागाच्या भाषेत. पण शत्रूची मोहीम आली की गावोगाव हलवावे लागणारे ते रुग्णालय, तिथले वर्ग, त्यात शिकून तयार होणारे गावाकडचे वैद्यकीय मदतनीस, हाच तर त्या डोंगरी सरकारचा दिसणारा चेहरा होता. जपान्यांना जाळायचा होता तोही हाच. १९४० मध्ये कम्युनिस्टांनी केलेल्या शंभर रेजिमेंटांच्या हल्ल्यानंतर सगळे मारा, सगळे जाळा, सगळे लुटा हे धोरण त्यांनी गावांवर चालवले, कारण फौज सापडत नव्हती आणि गावे सापडत होती.

येनानचे सरकारही शेतकऱ्याच्या पाठीवरच बसले होते. जपानविरुद्ध एकत्र लढण्यासाठी मिळणारी मदत क्वोमिन्तांगने तोडली, कोंडी केली, तेव्हा १९४१ मध्ये धान्यवसुली दोन लाख तान (धान्याचे चिनी माप) इतकी वाढवली गेली. त्या जूनमध्ये एका बैठकीवर वीज पडून एक तालुका अधिकारी मेला. एक शेतकरी म्हणाला, देवाला डोळे नाहीत, माओवर का नाही पाडली? सुरक्षा खात्याला त्याला पकडायचे होते. माओने थांबवले, तो असे का म्हणाला ते विचारले, आणि पुढच्या वर्षी वसुली एक लाख ६० हजारांवर आणली. फौज आणि कचेऱ्या आटोपशीर करा ही सूचना तर ली तिंगमिंग नावाच्या, पक्षाबाहेरच्या जमीनदाराने मांडली आणि ती स्वीकारली गेली. त्याच वेळी तूट भरून काढायला येनानने अफूचा व्यापार केला, हे तैवानचे इतिहासकार छन युंग-फा यांनी कागदपत्रांवरून दाखवले आहे. मला या दोन गोष्टी एकत्रच वाचाव्याशा वाटतात. शेवटचा विजय तर गनिमी युद्धाने मिळालाच नाही. १९४८-४९ च्या ह्वायहायच्या लढाईत लाखोंच्या फौजा समोरासमोर भिडल्या. मात्र त्या फौजेमागे हातगाड्या ढकलत, धान्य आणि दारूगोळा पोचवत पन्नास लाखांहून अधिक शेतकरी राबत होते. एवढी माणसे एका कामाला लावणे ज्याला जमते ते सरकारच असते.

आता आपल्याकडे. जुलै १९६७ मध्ये पेकिंगच्या ‘पीपल्स डेली’ने नक्षलबारीला भारतावरचा वसंतातली मेघगर्जना म्हणून गौरवले. नक्षल चळवळीचे नेते चारू मजुमदारांनी ‘चीनचे अध्यक्ष ते आमचे अध्यक्ष’ ही घोषणा दिली आणि वर्गशत्रूचा एकेक करून खातमा करणे हा मार्ग सांगितला. ऑक्टोबर १९७० मध्ये चीनचा पंतप्रधान चौ एन-लाय यानेच पेकिंगला आलेल्या, मजुमदारांच्याच पक्षातल्या सौरेन बोस यांना सांगितले की ही घोषणा चूक आहे आणि खातम्याची ही पद्धतही चूक. पण १९२८ चा माओ वाचला असता तर चौ एन-लायकडे जायची गरज नव्हती. भारतात एकमेकांशी लढणारे सरदार नव्हते. एक सैन्य होते, एक चलन होते, तहसील कचेरी होती, आणि दर पाच वर्षांनी मतदान होते. सरकार वाईट असू शकते, आदिवासी भागात ते बहुधा वाईटच होते, पण ते नाहीसे झालेले नव्हते. नाहीशा झालेल्या सरकारची जागा घेणे आणि असलेल्या सरकारला डोंगरातून गोळ्या मारणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

१९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवाद्यांचे दलम (सशस्त्र पथके) गडचिरोलीत आले तेव्हा त्यांनी आधी फंग पायचेच काम केले. तेंदूपानाच्या पुड्याचा दर वाढवून घेतला, जंगल खात्याच्या माणसांची दादागिरी थांबवली. लोक जवळ आले ते यामुळे. नंतर ठेकेदाराकडून वसुली सुरू झाली, खबरी ठरवून गावकऱ्यांना मारणे सुरू झाले, आणि शाळा, रस्ते, ग्रामपंचायती हीच लक्ष्ये झाली. शेत पिकवायचे सोडून फक्त कुंपण राखत बसलेल्यांचे पुढे काय होते ते दक्षिण चीनच्या तीन वर्षांनी दाखवलेच होते. फरक इतकाच की यांच्या सुटकेला कुठला जपान येणार नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्यूरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवून शरण आला.

सरकारी बाजूने यावर विजयाचे ढोल वाजले. वाजवणाऱ्यांनी च्यांगच्या तीन आणि सात हिश्शांचे काय झाले तेही वाचावे. त्याचे बुरूज जिंकले, पण बुरुजांमागून जमीनदार परत आले आणि खंड पूर्ववत झाला. राजकारणाचे सात हिस्से म्हणजे त्याच्या लेखी पहारा आणि शिरगणती. पंधरा वर्षांनी त्याला तैवानला जावे लागले. गडचिरोलीत पोलीस मदत केंद्रे झाली, रस्ते झाले, आता खाणी होत आहेत. पण जंगल कुणाचे, हा १९८० चा प्रश्न होता तो तसाच आहे, आणि त्याचे एक उत्तर त्याच जिल्ह्यात बंदुकीशिवाय मिळालेले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची घोषणा जुनी आहे: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिथली ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेते, अभ्यासगट चालवते, हिशेब उघडा ठेवते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. तरीही स्वतःचा बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना, आणि त्यासाठी २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. त्यानंतर हक्काचा कागद हाती असलेल्या किती गावांना तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करता आला, आणि किती गावांचे अर्ज तहसील आणि वन कचेऱ्यांत पडून राहिले, हे ढोल वाजवणाऱ्यांना विचारायला हवे.